खरात मॅडमची नहर

आमच्या कॉलेजच्या सिव्हिल विभागात प्रत्येक प्राध्यापकाला एक लोखंडी कपाट मिळायचं आणि प्रत्येक कपाटाला कुलूप असायचं. खरात मॅडमच्या कपाटाला नव्हतं. त्याची कडीसुद्धा वाकलेली होती आणि ती त्यांनी कधी दुरुस्त करून घेतली नाही. आत त्यांच्या हातच्या नोट्स, जाडजूड पुस्तकं, मोजणीच्या टेपा, एक जुनी दुर्बीण आणि शेंगदाण्याचा डबा. विद्यार्थी येत, हवं ते काढून नेत. थोडं परत येई, बरंच येत नसे.

मी तेव्हा नवीन होते. माझं टेबल त्यांच्या शेजारी. एकदा न राहवून म्हणाले, "मॅडम, पोरं तुमची पुस्तकं ढापतायत."

"ढापू दे की," वर न बघता त्या म्हणाल्या. "वाचायलाच ढापतील ना? आन् रद्दीत इकलं, तर रद्दीवाल्याचं पोरगं वाचंल."

विशाखा खरात उंच होत्या, सावळ्या, खांद्यात जराशा वाकलेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली कॅनव्हासचे बूट. कॉलेजमध्ये त्यावरून हसणारे होते, पण मॅडम तास संपला की त्याच बुटांनी थेट उन्हात मोजणीला जायच्या आणि हसणारे पंख्याखाली बसायचे. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी स्वच्छ. चिडल्या किंवा आनंदल्या की मात्र गावची, देवगाव रंगारीची बोली बाहेर पडायची. तिथं त्यांचं घर होतं, आणि तिथल्या आजीबद्दल त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही मोजणीला गेलो होतो, एका लिंबाच्या बुडाशी डबा उघडून बसलो होतो.

"आजी विहिरीपासनं लांब घागर ठेवून बसायची," त्या म्हणाल्या. "कुणीतरी येणार, वरनं ओतणार. कधी सकाळची दुपार व्हायची. विहीर डोळ्यासमोर, पण पाणी किती खोल आहे ते तिला आयुष्यभर माहीत नव्हतं. वाकून बघायची मुभाच नव्हती ना. मी सर्व्हेयिंग शिकले ते वाकून बघण्यासाठी."

एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली आणि मला विचारलं, लोणचं आणलंय का.

त्यांचा एकच हट्ट होता: माहीत झालेलं स्वतःजवळ ठेवायचं नाही. त्यांच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात कुणालाही मिळत. खासगी क्लासवाल्यांनी त्या स्वतःच्या नावानं बांधून विकल्या, तर मॅडम खूश. "माझ्या वर्गात साठ जण बसतात. त्याच्या क्लासात पाचशे. नाव कुणाचं का असंना."

त्या राहायच्या मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या मागच्या अंगाला. त्या वर्षांत शहर चहू बाजूंनी सुटलं होतं. कालपर्यंत ज्वारी असलेल्या जागी आज सात मजले उभे राहत होते आणि पाणी मात्र तेवढंच, किंबहुना कमीच. पाऊस एका वर्षी पाठ फिरवायचा, दुसऱ्या वर्षी तोंड दाखवून जायचा. नळाला कधी पाणी येईल याचा भरवसा नव्हता. ज्यांच्या ओळखी होत्या त्यांना आदल्या दिवशी कळायचं, बाकीच्या बाया कामं बुडवून नळापाशी बसून राहायच्या. मॅडमच्या गल्लीत एक धुणंभांडी करणारी बाई होती. पाण्याची वाट बघण्यात तिची दोन घरची कामं सुटली. तेव्हापासून मॅडम स्वतः टाकीवर जाऊन उभ्या राहायच्या, कोणत्या भागाला कधी पाणी सुटणार ते विचारून यायच्या आणि किराणा दुकानाच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहायच्या. थोड्याच महिन्यांत लांबच्या गल्ल्यांतून बाया ती भिंत वाचायला येऊ लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुकानदार वाचून दाखवायचा. ती बाई पुन्हा कामाला लागली.

हे मी मुद्दाम सांगते. पुढं जे झालं ते ऐकून लोक मॅडमना बावळट म्हणतात. त्या बावळट नव्हत्या. पाणी कधी येणार एवढं कळल्यानं माणसाचं काय होतं, ते त्यांनी त्या भिंतीपाशी पाहिलं होतं.

शहराच्या पोटातून जुन्या नहरी गेल्यात हे इथल्या प्रत्येकाला माहीत असतं. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून, दगडी बोगद्यातून आणि खापरी नळांतून शहरात आणायची शेकडो वर्षांपूर्वीची व्यवस्था. बऱ्याचशा बुजल्या, फुटल्या, घरांच्या पायांखाली गेल्या. मॅडमना एका कागदोपत्री मेलेल्या नहरीचा नाद लागला. भिश्ती मोहल्ल्यात एका जुन्या हौदाला दुष्काळातसुद्धा पाणी असतं असं त्यांनी ऐकलं होतं. तिथनं त्या उलट्या निघाल्या, डोंगराच्या दिशेनं. सुट्टीचे दिवस, उन्हाळे, दिवाळ्या त्यात गेल्या. मध्येमध्ये मी असायची, विद्यार्थी असायचे. नहरीला ठराविक अंतरावर विहिरीसारखी उभी तोंडं होती, गाळ काढायला माणूस उतरवण्यासाठी ठेवलेली. कुठं ती गोठ्यात निघाली, कुठं पिठाच्या गिरणीमागं, कुठं झुडपात दगडाखाली. अशा एका तोंडावरचा दगड सरकवला आणि खालून वाहत्या पाण्याचा आवाज आला, तेव्हा मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"जित्ती हाय गं," त्या म्हणाल्या. "लई जित्ती हाय!"

डोंगरापासून हौदापर्यंतचा सगळा मार्ग त्यांनी नकाशावर उतरवला. प्रत्येक तोंड कुठं आहे, किती खोल, कसं झाकलंय, तिथं पोचायचं कसं, सगळं फोटोंसकट. आणि सांगून टाकलं की हे सगळं इंटरनेटवर टाकणार. मराठी, हिंदी आणि उर्दूत, फुकट.

आमचे विभागप्रमुख पाठक सर. त्यांचं घराणं शहरातलं जुनं, निजामाच्या काळापासून कारकुनी आणि भिक्षुकी करणारं. सर मृदू बोलणारे, टापटिपीचे, कायम रुमालानं पेला पुसून पाणी पिणारे. नहरींवर त्यांचंही प्रेम होतं. मॅडमचा नकाशा त्यांनी दोन तास पाहिला आणि मग त्यांना बोलावलं. मीही तिथंच पेपर तपासत होते.

"खरात, काम अप्रतिम आहे," सर म्हणाले. "फक्त तोंडांच्या जागा छापू नका."

"का सर?"

"लोक पितात ते पाणी. ज्याला बिघडवायचंय त्याला तुम्ही पत्ता देताय. जुन्या लोकांनी ही तोंडं झाकून ठेवली ती उगाच नाही."

"आणि ज्याला प्यायचंय त्याला कोण पत्ता देणार?"

"रीतसर, सरकारमार्फत…"

"सर, टँकरवाल्याला कुठं पाणी लागतं ते ठाऊक आहे. बिल्डरला ठाऊक आहे. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याला ठाऊक आहे. फक्त पिणाऱ्याला ठाऊक नाही."

सर वैतागले असावेत. चष्मा काढून ते म्हणाले, "सगळंच सगळ्यांसाठी नसतं, खरात."

मॅडमच्या चेहऱ्यावर मी तोपर्यंत कधी न पाहिलेलं काहीतरी आलं.

"हे वाक्य आमच्या घरात लई जुनं हाय, सर," त्या म्हणाल्या. "तुमच्याच बाजूनं आलेलं."

पाठक सरांचा चेहरा लाल झाला. त्यांच्या मनात तसं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण वाक्य तोंडातून गेलं होतं आणि ते वाक्य मॅडमनी आधी कुणाकुणाकडून ऐकलं होतं ते सरांना माहीत नव्हतं. तोंडं झाकावीत की उघडी करावीत हा प्रश्न तिथंच संपला. पुढच्या आठवड्यात नकाशा सगळ्या जगासाठी खुला झाला.

सुरुवातीचं वर्षभर मॅडमसारखं सुखी माणूस मी पाहिलं नाही. त्यांचा नकाशा बघून एका वस्तीतल्या तरुणांनी बुजलेलं तोंड मोकळं केलं, आठवडाभर गाळ उपसला आणि भर उन्हाळ्यात तिथं पाणी चढलं. बायांनी मॅडमना हार घातला, खोबऱ्याच्या वड्या दिल्या. भिश्ती मोहल्ल्यानं हौद धुऊन काढला, वर जाळी बसवली आणि टँकर मागवणं बंद केलं. पाठक सर एकदा माझ्याबरोबर त्या वस्तीतलं मोकळं केलेलं तोंड बघायला आले. ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं आणि परत फिरले.

मॅडमना ठिकठिकाणी भाषणाला बोलावू लागले. अशाच एका शाळेच्या सभागृहातलं भाषण मला नीट आठवतं. पहिल्या रांगेत पांढऱ्या शर्टातला एक मध्यमवयीन माणूस बसला होता. भाषण संपल्यावर त्यानं हात वर केला. बोलणं अदबशीर.

"मॅडम, वरच्या अंगाला पाण्यात काही पडलं, तर खाली हौदापर्यंत पोचायला किती वेळ लागंल?"

मॅडम उजळल्या. "बघा! असा प्रश्न माझी तिसऱ्या वर्षाची पोरं विचारत नाहीत," असं म्हणून त्यांनी फळा ओढला आणि उतार, वेग, अंतर सगळं मांडून हिशेब करून दाखवला. टाळ्या पडल्या. त्या माणसानं नमस्कार केला. परत येताना रिक्षात मॅडम त्याच्याबद्दलच बोलत होत्या. लोकांना समजत नाही असं कोण म्हणतं, समजून सांगणारं भेटत नाही म्हणून.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका सकाळी, भिश्ती मोहल्ल्यात हौदाच्या पाण्याला वास यायला लागला. काहींनी ओळखलं आणि पाणी ओतून दिलं. काहींनी आधीच भरून ठेवलं होतं, चहा झाला होता, पोरं पिऊन शाळेला गेली होती. दुपारपर्यंत दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं जमिनीवर झोपवली होती. बहुतेक वाचले. एक म्हातारे गृहस्थ वाचले नाहीत, आणि पहिलीत जाणारी एक मुलगी, अल्फिया.

मॅडमना फोन आला तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये होतो. त्यांनी ऐकून घेतलं, फोन टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "वरच्या तोंडातनं टाकलं असणार." मग, "झाकण सैल आहे असं मीच लिवलंय."

पोलिसांना फार दिवस लागले नाहीत. मोहल्ल्याला आधी टँकर पुरवणारा माणूस आणि त्याचा मेहुणा. कुठल्याशा कारखान्यातून टाकून दिलेलं रसायन त्यांनी पिंपातून नेऊन डोंगराकडच्या तोंडात ओतलं होतं. नुसता वास यावा, लोकांनी घाबरून परत टँकर मागवावेत, एवढंच डोक्यात होतं, कुणाला मारायचं नव्हतं, असं टँकरवाला सांगत होता. खरंही असेल. त्याच्या मोबाईलमध्ये मॅडमचा नकाशा होता.

मॅडमना चौकीत बोलावलं तेव्हा मी बरोबर गेले. इन्स्पेक्टर समजूतदार होते. "तुमच्यावर काहीच नाही, मॅडम," ते म्हणाले. "माहिती देणं हा गुन्हा नाही. फक्त जबाब पाहिजे."

मॅडमनी जबाब दिला. मग त्या टँकरवाल्याचा फोटो बघायला मागितला. फोटो त्यांनी हातात घेतला नाही, टेबलावरच वाकून पाहिला. बाहेर आल्यावर चौकीच्या पायरीवर त्या बसल्याच. येणारेजाणारे बघत होते.

"पांढरा शर्ट," त्या म्हणाल्या. "पहिल्या रांगेतला. त्यानं लई चांगला प्रश्न विचारला होता गं. आन् मी उत्तर दिलं."

मी म्हणाले, त्यानं ते कुठूनही शोधलं असतं.

"कुठनं? मी सोडून कुणी सांगितलं होतं?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

चाळिसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग अल्फियाच्या घरी गेल्या. अल्फियाची आई शाहीन शिवणकाम करायची. मशीनवर अर्धवट शिवलेला कुर्ता तसाच होता. तिनं आम्हाला चटईवर बसवलं, रीतीप्रमाणे पाणी विचारलं आणि विचारताना तिचा आवाज अडखळला. बाटलीबंद पाणी होतं ते. मॅडमनी माफी मागितली. शाहीननं ती ऐकून घेतली. रडली नाही.

"तुम बुरे नै, मैडम," ती म्हणाली. "पूरा मोहल्ला बोलता, तुम अच्छे हैं. मैं भी बोली. पर एक बात बताओ. वो पानी कौन पीता था? हम. तो उसका रस्ता सबको बताने से पैले हमना पूछे क्या?"



"नाही," मॅडम म्हणाल्या. "नाही विचारलं."

"वो तुम्हारे कालेज के बड़े सर बोले थे, नक्को बताओ. सुनी मैं. वो पूछे क्या हमना?"

"नाही. त्यांनीही नाही."

"हौ," शाहीन म्हणाली. "तुम बोले सबको देना. वो बोले किसी को नक्को. घर में आके किसी ने नै पूछा."

ती उठली आणि आत गेली. आम्ही थोडा वेळ बसलो, मग निघालो. त्या भेटीबद्दल मॅडम नंतर कधी बोलल्या नाहीत, पण त्यांच्यात जे बदललं ते तिथं बदललं. चौकीच्या पायरीवर त्या मोडल्या होत्या. या घरातून बाहेर पडताना त्यांना काहीतरी कळलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

नकाशा त्यांनी त्याच दिवशी काढून टाकला. त्याचा उपयोग झाला नाही. तो शेकडो मोबाईलमध्ये होता. गुप्तधन शोधणारे तो घेऊन फिरत होते, तोंडात उतरून व्हिडिओ काढणारी पोरं होती, नहरीच्या रेषेवर नेमका बोअर घेऊन देतो म्हणून सांगणारे दलाल होते. एका दलालाच्या ऑफिसात मॅडमनी स्वतःचा नकाशा भिंतीवर पाहिला, मोठा करून, चौकटीत, खाली त्याचा फोन नंबर. त्यांनी हात जोडून सांगितलं की हा उतरवा. दलाल खुर्चीतून उठला, त्यांना बसायला दिलं, थंड मागवलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्हीच म्हणला होता ना, सगळ्यांसाठी आहे? मी पण सगळ्यातलाच की."

त्या वर्षी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुलपं विकत घेतली. तोंडांवर लोखंडी झाकणं बसवून घेतली, स्वतः जाऊन कुलपं लावली. महिन्याभरात निम्मी तोडलेली होती. कुणी पाण्यासाठी तोडली, कुणी लोखंडासाठी. रस्ता माहीत असलेल्या माणसाला झाकण किती वेळ अडवणार? नहरीच्या रेषेवर बोअर पडत गेले आणि दोन ठिकाणी बोगदा फुटला. पाणी निम्म्यावर आलं, वस्तीतल्या तरुणांनी मोकळं केलेल्या तोंडात तर ते चढेनासंच झालं. जे येत होतं ते भिश्ती मोहल्ल्यात कुणी प्यायला धजत नव्हतं, पण वापरायला भरत होते. वापरताना लहान मूल चुकून पिईल म्हणून दर वेळी घरातलं कुणीतरी घागरीपाशी बसून राही.

कॉलेजात मॅडमचा तास पूर्वीसारखाच व्हायचा. एकदा एका मुलीनं विचारलं, की मॅडम, आम्ही एवढी मोजणी करतो, ती लोकांना द्यायची की नाही? वर्गाला वाटलं मॅडम चिडतील. त्यांनी खडू खाली ठेवला.

"द्यायची," त्या म्हणाल्या. "न देणारे आपण लई बघितले. पण आधी कोण पितं ते बघा. त्याच्या दारात जा. त्याला सांगा, की हे मी उघडं करणार हाय, तुझं काय म्हणणं? तो नको म्हणाला तर ऐकायची तयारी ठेवून जा. नाहीतर जाऊच नका."

मला वाटलं, हे नुसतं सांगणं असेल. पण त्या स्वतः गेल्या. भिश्ती मोहल्ल्यात मशिदीसमोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी लोकांना जमवलं आणि साधं विचारलं, की नहरीचं काय करायचं? सरकार पैसे द्यायला तयार आहे. झाकणं वेल्डिंग करून पहारा ठेवता येईल, थोडं थोडं दुरुस्त करता येईल. किंवा तोंडं कायमची भरून टाकता येतील.

गनीचाचा म्हणून एक वृद्ध उभे राहिले. पूर्वजांचं पाणी आहे, ते म्हणाले, आपल्या हातानं पुरायचं का? काही माना हलल्या. मग एक तरुण बाप बोलला. पहारेकरी कोण ठेवणार, किती वर्षं ठेवणार? पहारेकऱ्यालाच कुणी चार पैसे दिले तर? "अब तो सबको मालूम है, चाचा. मालूम हुआ सो वापस नै होता." बाया बोलायला लागल्या. पेल्याचा वास घेतल्याशिवाय पोराला पाणी देता येत नाही, हौदाकडं पाठ करून झोप लागत नाही. कितीतरी वेळ हे चाललं. शाहीन भिंतीला टेकून होती. शेवटी तिच्याकडं सगळ्यांनी बघितलं. ती दोनच शब्द बोलली.

"बंद करो."

हात वर झाले. गनीचाचांचाही, सगळ्यांच्या शेवटी.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं ती नहर जिवंत आहे हे दाखवण्यात गेली होती.

ही बातमी पाठक सरांना कळली तेव्हा ते निवृत्त झाले होते. काठी टेकत ते स्टाफरूममध्ये आले. मला वाटलं, 'मी सांगितलं होतं' म्हणतील. ते म्हणाले नाहीत. समोर बसून त्यांनी अक्षरशः विनवण्या केल्या. "खरात, वेल्ड करा, भिंत बांधा, मी वर्गणी काढतो. पण काँक्रीट नको. एकदा भरलं की संपलं. शेकडो वर्षं वाहिलंय ते." त्यांनी रुमाल काढला, पण डोळे पुसले नाहीत.

"सर, झाकणांच्या बाबतीत तुम्ही बरोबर होता," मॅडम म्हणाल्या. "मी तेव्हा दुसरंच ऐकलं. पण आता मला विचारू नका. मोहल्ल्यात जा. त्यांना सांगा. त्यांनी ऐकलं तर मी पहिली खूश होईन."

सर बराच वेळ काठीच्या मुठीवर हात चोळत बसले. मोहल्ला तिथून रिक्षानं पाव तासावर होता. सगळं आयुष्य याच शहरात काढून ते तिथं कधी गेले नव्हते. ते उठले आणि घरी गेले.

मॅडम त्यानंतर लवकरच निवृत्त होऊन गावी गेल्या. आमचं फोनवर बोलणं होतं, पण भेट अशी नाही. मला त्या डोळ्यांपुढं येतात त्या नहर भरली त्या सकाळच्या.

भिश्ती मोहल्ल्याच्या गल्लीत काँक्रीटची गाडी शिरत नव्हती. ती बाहेर रस्त्यावर उभी करून मजूर घमेली घेऊन येत-जात होते. हौदाच्या मागचं तोंड, सगळ्यांत मोठं, त्यांनी शेवटी ठेवलं होतं. भोवती गल्ली गोळा झाली होती पण लग्नाला असतो तसा गलका नव्हता आणि मयताला असते तशी शांतताही नव्हती. मॅडम तोंडापाशी उभ्या होत्या, बुटांवर धूळ, हातात काही नाही. जागा दाखवायला त्याच होत्या. दुसऱ्या कुणाला खात्री नव्हती.

मुकादमानं त्यांच्याकडं बघितलं. "मॅडम, टाकू का?"

मॅडमनी शाहीनकडं बघितलं.

शाहीन पुढं आली आणि तोंडाच्या दगडी कडेवर बसली. डोक्यावरची ओढणी सारखी केली. मुकादम घड्याळ बघायला लागला, काँक्रीट सुकेल म्हणाला. मॅडमनी हात वर करून त्याला थांबवलं. शाहीन बसून राहिली. तिनं खाली बघितलं नाही, कुणाकडंच बघितलं नाही. मजूर भरलेली घमेली डोक्यावर घेऊन उन्हात उभे होते.

मग ती उठली, कुर्त्याची मागची माती झटकली आणि बाजूला झाली.

पहिलं घमेलं गेलं. खालून पाण्यात पडल्याचा आवाज आला, मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. दर वेळी आवाज थोडा जाड होत गेला. लोक पांगायला लागले. शाहीन घरात गेली आणि थोड्या वेळानं तिच्या मशीनचा आवाज सुरू झाला. मी मॅडमना म्हणाले, चला आता. त्यांनी मान हलवली, पण त्या हलल्या नाहीत. खाली अजून कुठंतरी वाट काढणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. तो येत होता तोवर त्या तिथं उभ्या होत्या.